डाव्या नळीतली गोळी

परवा शेजाऱ्यांनी सुतळी बॉम्ब फोडला आणि जळक्या दारूचा वास नाकात शिरला. त्या वासासरशी मी जऊळक्याच्या आमच्या तुरीच्या वावरात जाऊन पोचले.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात तुरीतून रानडुक्कर उसळलं आणि त्यानं सासऱ्यांची मांडी फाडली. ह्यांनी परवान्याची दुनळी बंदूक उचलली, पण दोन्ही बार हुकले. डुक्कर पुन्हा सासऱ्यांकडे वळलं. काडतुसांची पिशवी माझ्या हातात होती.

मातीत पडलेले सासरे ह्यांच्यावर ओरडले, "डाव्या नळीत गोळी नोको भरू! तिचं तोंड अरुंद हाय, फुटन ते. छर्रेच भर!"

छर्र्यांनी ते डुक्कर मरणार नाही, असं मला वाटलं. मला ते मेलेलंच पाहिजे होतं. मी दोन्ही काडतुसं गोळीची दिली.

उजवा बार त्याच्या खांद्यात बसला, तरी ते धावतच आलं. डावा बार उडाला तशी नळी तोंडापासून पार ह्यांच्या हातापर्यंत फाटली. डुक्कर कोसळलं आणि ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तुरीच्या पाल्यात जाऊन पडली. सासरे मात्र वाचले.

तेव्हापासून तो दोष मी एकटीनं वाहिला. काल जेवताना ह्यांना सगळं सांगून टाकलं.

हे घास खाली ठेवून म्हणाले, "काडतूस पाहूनच भरलं होतं वं मी. मलेई त्याले मारायचंच होतं."