भिंतीपलीकडची चंद्रभागा

अकोल्याचं कार्ड आलं तेव्हा मी कोर्टात निघायच्या गडबडीत होतो. एक हात कोटाच्या बाहीत अडकलेला, दुसऱ्या हातात कागदांचं भेंडोळं. बायकोनं कार्ड पुढं केलं, म्हणाली, "अकोल्याचं आहे." मी न बघताच म्हटलं, "असेल त्याचं 'नाही'," आणि खिशात कोंबलं. अकोल्याची कार्डं आमच्या घरात कोणी वाचतच नसे, कारण कित्येक वर्षं त्यांवर बहुधा तो एकच शब्द असायचा. त्या दिवशी एका बांधाच्या भांडणात मी तासभर बोललो, समोरच्या वकिलाची रेवडी उडवली आणि मधल्या सुट्टीत चहा घेताना आठवण झाली म्हणून कार्ड काढलं. अक्षर पुंडलिकचं नव्हतं, त्याच्या मेव्हण्याचं होतं. काल सकाळी भाऊजी गेले, दुपारी सर्व आटोपलं, ताईची अवस्था बरी नाही... एवढंच. अर्धा दिवस मी त्याचं मरण खिशात घेऊन फिरलो होतो आणि मोठमोठ्यानं बोलत होतो. आज सव्वा महिना झाला, तो कोट मी अंगात घातलेला नाही, दुसरा घालतो.

पुंडलिक मोजणी खात्यात होता. दर्यापूरकडच्या काळ्या जमिनीत वाढलेला शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजात असताना अमरावतीला राजापेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघं तीन वर्षं राहिलो. मी वकील झालो, तो साखळी घेऊन दुसऱ्यांची शेतं मोजायला लागला. त्याला नोकरी लागली त्या उन्हाळ्यात आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. परतताना घाट उतरल्यावर बस बिघडली आणि परतवाड्याच्या अलीकडे एका झाडाखाली अख्खी दुपार बसावं लागलं. मी चिडचिड करत होतो. त्यानं पिशवीतून एक कोरा कागद काढला, गुडघ्यावर पसरला, पेन्सिलीनं एक रेघ ओढली आणि म्हणाला, "समज, तू एका गावाच्या शिवेवर उभा हायेस. हे गाव नकाशात हाये, पण जमिनीवर कोनाले सापडत नाही. तुले ते शोधाले धाडलं हाये. समोर तीन वाटा. काय करशीन?"

मी म्हटलं, "घरी जाईन."

"मंग गोष्ट संपली," असं म्हणून तो कागदाची घडी करायला लागला. मला राहवलं नाही, मी डावी वाट धरली. त्यानं तेवढीच वाट कागदावर काढली. मी जितकं चाललो तितकाच नकाशा वाढायचा, पुढचं काही दाखवायचा नाही. बस दुरुस्त झाली तेव्हा मी त्या गावाच्या वेशीत पोचलो होतो, आणि अमरावतीला उतरेपर्यंत मला भूक लागल्याचंही आठवलं नाही.

तो खेळ बारा वर्षं चालला. आधी समोरासमोर, आणि त्याची बदली अकोल्याला झाल्यावर पोस्टकार्डांवर. एका कार्डावर मी काय करतो ते लिहायचं, चारसहा दिवसांनी त्याचं उत्तर यायचं. आम्ही सुरुवात केली तेव्हा अमरावती मध्यप्रदेशात होती, मग द्विभाषिक मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. तीन राज्यं बदलली आणि मी तिन्हींमध्ये त्याच गावात अडकून होतो.

गोष्ट त्याची सोन्यासारखी होती, हे मी आजही कोणासमोरही सांगेन. पण तिच्या वाटेवर त्यानं जी कोडी पेरली होती ती शुद्ध छळवाद होती. नाकापेक्षा मोती जड, असला प्रकार. त्या गावात एक विहीर होती आणि तिच्या पायरीवर एक कुत्रं बसलेलं, ते उठल्याशिवाय खाली जाता येत नव्हतं. मी त्याला भाकर दिली, काठी दाखवली, गोड बोललो. नाही, नाही, नाही. त्याला तहान लागली असेल असं दोन महिन्यांनी सुचलं. पाणी पाजतो, असं लिहिलं, तर उलट टपाली, "कशात?" शेवटी कळलं की डोक्यावरची टोपी काढून ती पाण्यात भिजवून त्याच्यासमोर पिळायची होती. मी रागानं खास अकोल्याची गाडी पकडली आणि त्याच्या घरी जाऊन भांडलो. माझ्या डोक्यावर टोपी आहे हे मला सांगितलंच कधी? तो शांतपणे म्हणाला, "तू वकील हायेस, बोडक्यानं फिरशीन काय?"

आणि अडकित्ता! एका दाराला कुलूप होतं आणि ते उघडायला जो अडकित्ता लागत होता तो पहिल्याच वर्षी शिवेवरच्या दगडावर पडलेला मी पाहिला होता, पण उचलला नव्हता. "तेव्हा उचलला नाहीस ना, आता जाय वापस," असं कार्ड आलं. वापस म्हणजे अख्खं गाव उलटं चालत, कार्डामागून कार्ड, पाच महिने. मी लिहिलं की अडकित्त्यानं कुलूप उघडल्याचा एक तरी दाखला दे. त्याचं उत्तर, "माह्या गावात उघडते." इथं माझी सगळी वकिली संपायची. कुलूप एकदाचं उघडलं, पण थोड्याच दिवसांत वैतागून मी खेळ सोडला. सव्वा वर्ष एक कार्ड टाकलं नाही.

परत गेलो तो चंद्रभागेसाठी. त्या कुलपामागच्या खोलीत एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे एक बाई; चंद्रभागा हे तिचं नाव पुंडलिकनंच कार्डावर कळवलेलं. गावातली माणसं एके दिवशी उठून निघून गेली तेव्हा ती आत दळायला बसली होती. जात्याच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही, आणि निघताना तिला हाक मारायचं कोणाला सुचलं नाही. मी एखादं कोडं सोडवलं की ती पलीकडून एखादं वाक्य बोलायची, तेवढंच. एकदा तिनं विचारलं, "तिकडं ऊन पडलं काय?" ते कार्ड वाचून मी त्या दिवशी अंगणात जाऊन उगाच उभा राहिलो होतो. मी रुसून बसलो असताना पुंडलिकचं एक कार्ड आलं, त्याचा नियम मोडून, माझ्या कार्डाशिवाय आलेलं. त्यावर होतं, "ती इचारून राहिली, मानूस गेला काय?" मी त्याच दिवशी उत्तर टाकलं की आहे, इथंच आहे. माझ्यासारख्या घोड्याला असा लगाम त्यालाच घालता येत होता.

ह्या कार्डांनी एकदा भलताच गोंधळही केला. विहिरीत उतरायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं, "आता दुसरा उपाय उरला नाही. विहिरीत उतरतो." पुंडलिक नेमका मोजणीला सेमाडोहकडे गेलेला. कार्ड पडलं त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या हातात. त्यांनी भावाला पहिल्या गाडीनं अमरावतीला पिटाळलं. तो बिचारा घामाघूम होऊन दारात आला तेव्हा मी व्हरांड्यात आंबा चोखत बसलो होतो. त्या दिवसापासून वहिनी येणारं-जाणारं प्रत्येक कार्ड वाचायला लागल्या. मला वाटलं, पाळत ठेवताहेत.

गेल्या दिवाळीनंतर त्याचं पोट दुखायला लागलं. आधी वैद्य झाले, मग डॉक्टर, मग नागपूरला नेऊन आणलं आणि तिथल्यांनी काही न बोलता परत पाठवलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. बारा-बारा कोस चालणारे ते पाय चादरीखाली असून नसल्यासारखे दिसत होते. वहिनी चहा करायला आत गेल्या. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग तो म्हणाला, "वकील, भिंतीचं सांगून देऊ काय?"

चार वर्षं मी त्या भिंतीपुढं होतो. फोडून पाहिली, खणून पाहिली, हाका मारल्या, विनवण्या केल्या. जगात मला दुसरं काही इतकं हवं नव्हतं. आणि मी म्हणालो, "खबरदार. बरा हो, मीच सोडवतो."

"आन नाही सुटलं त?"

"सुटेल. तू काळजी करू नको."

त्यानं चादर वर ओढून घेतली. मग "बरं," म्हणाला आणि डोळे मिटले. मी स्टेशनावर येईपर्यंत स्वतःवर खूश होतो. आजाऱ्याला धीर दिला, खेळाचा मान राखला, आयतं उत्तर घेतलं नाही... खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. ते उत्तर ऐकलं असतं तर तो जाणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेवढी छाती माझ्यात नव्हती. त्याच्यात होती. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि आपल्या आयुष्यात रचलेली एकुलती एक गोष्ट त्याला कोणाच्या तरी हाती देऊन जायचं होतं. मी ती घेतली नाही. घरी आल्यावर नेहमीसारखं एक कार्ड टाकलं, "भिंतीला कान लावून बसतो." त्या कार्डाच्याच उत्तराची मी वाट पाहत होतो.

कार्ड वाचलं त्याच संध्याकाळी मी अकोल्याला पोचलो. खाट उभी करून ठेवली होती. वहिनी भिंतीशी बसल्या होत्या, रडून झालेल्या. मला बघून म्हणाल्या, "तुमचं कार्ड आलं होतं, भाऊजी. मी वाचून दाखवलं. हसले. म्हने, 'नाही' लिहून दे. मले नाही लिहू वाटलं."

मी विचारलं, कसं विचारलं कोण जाणे, "भिंतीचं काय होतं, तुम्हाला सांगितलं का?"

"मले कसं सांगतीन? चार वर्सं मागं लागली मी. चंद्रभागा निंघते का नाही एवढं तरी सांगा म्हटलं. त म्हनत, वकिलाच्या आंधी तुले सांगितलं त बेइमानी होते. त्याले सांगीन तेव्हा तू बी ऐकजो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी तुमी आले तवा मी चुलीपाशी होती. आवाज ऐकू आला मले. चहा उतू जाऊ देला, भाऊजी, हाललीच नाही. वाटलं, आता सांगतेत. तुमी ऐकून काहून नाही घेतलं?"

पाळत ठेवतात असं ज्यांच्याबद्दल मला वाटलं होतं, त्या चार वर्षं माझ्याबरोबर त्या भिंतीशी उभ्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

तेराव्याला गेलो तेव्हा त्यांनी नकाशा माझ्या हाती दिला. लहान लहान कागद एकामागून एक चिकटवलेले आहेत, पसरला तर आमची बैठक व्यापतो. शीव, तीन वाटा, वेस, विहीर, कुलपाचं दार, सगळं त्याच्या बारीक रेघांत. भिंतीपाशी रेघ थांबते आणि पुढं कोरा कागद आहे. मागं-पुढं, कडेला, कुठंही एक अक्षर लिहिलेलं नाही. उजेडात धरूनही पाहिलं. तो सगळं डोक्यात ठेवत असे.

मी अजून त्याच्यापुढं बसतो. गेल्या रविवारी अचानक एक गोष्ट लक्षात आली. चार वर्षांत मी त्या बाईला शंभर हाका मारल्या, अहो, बाई, कोण आहे, ऐका हो... पण तिचं नाव घेऊन एकदाही नाही. गावानं मारली नाही ती हाक. पुंडलिकला ओळखणारा कोणीही म्हणेल की उत्तर हेच असणार. दार लावून घेतलं आणि त्या कोऱ्या कागदापुढं मोठ्यानं हाक मारली, "चंद्रभागा, चल." मग बराच वेळ थांबलो. दुसऱ्या दिवशी वहिनींना तेच कार्डावर लिहून कळवलं. त्यांचं उत्तर काल आलं. लिहितात, "असंल भाऊजी. पन ते हो म्हनल्याशिवाय ती कशी निंघंल?"