दाजींना कळू देऊ नका

आमच्या दाजींना राग येत नाही. ही एवढीशी गोष्ट सिद्ध व्हायला बरीच वर्षं गेली, कारण दाजींचं ब्लडप्रेशर कायम आभाळाला टेकलेलं असायचं. आणि प्रेशर म्हणजे राग, एवढं वैद्यकशास्त्र आमच्याकडे सगळ्यांनाच येतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोखंडी पाइपांच्या गोदामात क्रेन चालवतात. उंच शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या माणसाच्या इशाऱ्यावर पाइपांचा गठ्ठा उचलून ट्रकवर ठेवायचा. दाजी तो असा ठेवतात की ट्रकवाल्याची डुलकी मोडत नाही. दारात येऊन कोणी शिव्या घातल्या तर दाजी आधी त्याला पाणी विचारतील. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांवर ओरडतो. ओरडल्याशिवाय माझा पाना फिरत नाही. माझं प्रेशर कधीही मोजा, पाठ्यपुस्तकात छापावं असं येतं. यावरून कोणाला तरी शंका यायला हवी होती. आली नाही.

पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "चिडता का?"

दाजी म्हणाले, "नाही."

"म्हणजे आतल्या आत चिडता," असं म्हणून त्यांनी गोळी लिहून दिली. दुसऱ्यांनी मीठ बंद केलं आणि आणखी एक गोळी वाढवली. तिसऱ्यांनी पाण्याची गोळी दिली, म्हणजे जिनं सारखं लघवीला जावं लागतं ती. क्रेनवर बसणाऱ्या माणसाला ही गोळी देणाऱ्यानं एकदा ती शिडी चढून पाहायला हवी होती. दाजींच्या पायात गोळे यायचे, शिडीवर हात ढिले पडायचे. रक्तात पोटॅशियम कमी निघालं, तर "केळी खा" म्हणाले. दाजींनी केळी खाल्ली. प्रेशर होतं तिथेच राहिलं.

इकडे ताईनं घरात कायदा केला, दाजींना कळू देऊ नका. वाईट बातमी उंबऱ्याच्या आत येता कामा नये. भाचीची नोकरी गेली तेव्हा ती रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची आणि माझ्या दुकानात बसून तो खायची. पत्त्यांत दाजींना हरवायचं नाही, हाही कायद्यातलाच एक नियम. हातात राजा असताना दुर्री टाकणं माझ्या किती जिवावर यायचं, ते माझं मला माहीत.

पण सगळ्यात अवघड काम काकांचं होतं. दाजींना लहानाचं मोठं केलं ते त्यांच्या काकांनी. ते लांबच्या गावी एकटे राहायचे. दाजींचा प्रवास डॉक्टरांनी बंद केलेला आणि काकांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून पंपाच्या कामाला त्या बाजूला गेलो की निरोपांची ने-आण मी करायचो. काका वारले तेव्हा ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाली, "निरोप चालूच ठेव." झालं. मी परत आलो की दाजी विचारायचे, "काकांचा गुडघा कसा आहे?" मी म्हणायचो, "आता बराच बरा आहे." गेलेल्या माणसाचा गुडघा बरा करत आणणं ही काही चेष्टा नाही.

मग गोदामात नवे साहेब आले. क्रेनवाल्यांची तब्येत तपासा, असा त्यांनी हुकूम काढला. हुकूम बरोबरच होता, पण त्यात सापडले दाजी. त्यांचं प्रेशर बघून साहेबांनी त्यांना खाली उतरवलं आणि फाटकाशी स्टुलावर बसवलं. प्रेशर उतरलं तर पुन्हा वर, नाही तर कायमचे फाटकावर.

त्या दिवशी दाजींनी डबा तसाच परत आणला. म्हणाले, "वर बसलं की मला सगळं नीट दिसतं रे." चिडले नाहीत, कुरकुर केली नाही. त्यांच्या वाटचं मीच चिडलो, आणि त्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनी काय पाप केलं होतं कोण जाणे.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. तिथल्या प्रेशर मोजायच्या पट्ट्याची शिवण उसवलेली. बाईंनी तो एका हातानं दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पंप दाबला. पुन्हा पुन्हा मोजलं. जुने कागद चाळले आणि विचारलं, "तीन-तीन गोळ्या घेऊनही एवढं? आणि पोटॅशियम कमी?"

ताई घाईनं म्हणाली, "ते आतल्या आत चिडतात."

बाई म्हणाल्या, "चिडण्याचं राहू द्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. कधी कधी त्या गरज नसताना एक हार्मोन सोडत राहतात. मग शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि प्रेशर चढतं. स्वभावाचा काही संबंध नाही. असे पेशंट कमी नसतात, पण ही तपासणी इथे आसपास कुठेच होत नाही. होत नाही म्हणून कोणी सांगत नाही, आणि कोणी सांगत नाही म्हणून ती कोणी सुरू करत नाही."

हे ऐकून मला बाईंबद्दल आदर वाटला. ताईला मात्र संशय आला. इतकी वर्षं जपलेला राग एका वाक्यात निकालात निघतो म्हणजे काय?

बाईंनी अट घातली. तपासणीच्या आधी काही आठवडे पाण्याची गोळी पूर्ण बंद, नाही तर निकाल चुकीचा येतो. बदली दुसरं औषध त्यांनी दिलं. मग रक्त द्यायला आम्ही दवाखान्यातल्याच प्रयोगशाळेत गेलो. तिथला माणूस चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाला, "हार्मोनच पाहिजे ना? थायरॉइड करून टाका. तोही हार्मोनच आहे, आणि आमच्याकडे होतो."

मी त्याला माझ्या पद्धतीनं समजावलं. समजावणं पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं असावं, कारण डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि त्यांनी मला खुर्चीत बसवून माझंच प्रेशर मोजलं. नेहमीसारखं उत्तम. बाई ताईला म्हणाल्या, "बघा." त्या माणसानं मुकाट्यानं रक्त घेतलं आणि मोठ्या शहरात पाठवलं.

निकाल यायला फार दिवस लागले. आला तो बिनदोष. ग्रंथींची काही चूक नाही. साहेबांनी गोदामात दुसरा क्रेनवाला शोधायला सांगितलं होतं. दाजी निकाल ऐकून नुसते "बरं" म्हणाले. फाटकावरच्या स्टुलाला गादी शिवून घ्यावी का, असा विचार करत असावेत.

बाई मात्र कागदाकडे बघत राहिल्या. "हे आकडे पाण्याची गोळी चालू असल्यासारखे आहेत. गोळी बंद होती ना?"

"बंद होती," दाजी म्हणाले.

ताई छताच्या पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

मी म्हणालो, "ताई?"

"दुधातून," ताई म्हणाली. "कुटून. बंद केली आणि यांना काही झालं असतं तर?" आणि ती रडायला लागली.

मी तोंड उघडणार तोच दाजी हळूच म्हणाले, "मला कळलं होतं. दूध कडू लागायचं."

"मग प्यायलात कशाला?" हे मी, दवाखानाभर ऐकू जाईल असं.

"तिच्या जिवाला बरं वाटत असेल म्हटलं. उगाच बोलून तिला कशाला त्रास?"

आता या दोघांना काय म्हणावं? एकानं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही आणि दुसऱ्यानं कळलेलं दाखवायचं नाही, या भानगडीत शहरापर्यंत गेलेलं रक्त फुकट गेलं होतं. बाईंनी हसू दाबलं आणि पुन्हा तपासणी करू म्हणाल्या. साहेबांना त्यांनी स्वतः फोन करून मुदत मागितली.

घरी आल्यावर ताईनं कायदा मोडीत काढला. भाचीनं नोकरीचं सांगितलं. पत्त्यांचं मी सांगितलं. शेवटी ताई दाजींच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अहो, काका राहिले नाहीत. जाऊन बरेच दिवस झाले. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

दाजी उशीत तोंड घालून लहान मुलासारखे रडले. आपण त्यांच्यापासून काका दोनदा हिरावून घेतले, असं मला वाटलं आणि मलाही रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं आधी त्यांना दवाखान्यात नेलं. आता यंत्राचा काटा फुटणार याची तिला खात्री होती. बाईंनी मोजलं. आदल्या दिवशी होतं तेवढंच. ना वर, ना खाली. ताई त्या काट्याकडे बघत राहिली. एवढ्यासाठी आपण काय काय लपवलं, असं काहीसं पुटपुटली.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी दाजी दूध माझ्यासमोर प्यायचे, आधी मी चव घ्यायचो. निकाल आला, दोष ग्रंथींचाच होता. ऑपरेशन करता येईल का हे ठरवणारी पुढची तपासणीही शहरातच होते, तिथल्या रांगेत नाव लावलंय. तोवर बाईंनी नेमकी त्या हार्मोनवरची गोळी दिली. ती साधीच आहे, फक्त दुकानदाराला चार वेळा आठवण करून दिल्याशिवाय तो मागवत नाही. आठवण करून द्यायचं काम मी अंगावर घेतलंय. तो हल्ली मला लांबून बघूनच डबी काउंटरवर ठेवतो.

पायातले गोळे गेले, प्रेशर उतरलं आणि दाजी वर चढले. पहिल्या दिवशी मी आणि ताई फाटकातून बघत होतो. पाइपांचा गठ्ठा ट्रकवर टेकला आणि ट्रकवाला झोपलेलाच राहिला.

संध्याकाळी दाजी पत्ते पिसत म्हणाले, "काकांचा गुडघा तूच बरा करत होतास तर."

"हो."

"मागच्या खेपेला काठी सोडली म्हणालास."

"म्हणालो खरा."

"अजून दोन खेपा केल्या असत्यास तर काका माझी शिडी चढून वर आले असते." डोळे पुसून त्यांनी पानं वाटली, आणि त्या डावात मी त्यांना मनसोक्त हरवलं.