मासा जेवल्याशिवाय

माझे सासरे माशांसाठी उपास धरतात, हे सांगितलं की शाळेतल्या बायका हसतात. आता सांगताना मलाही हसू येतं. पण ते उपास चालू होते तेव्हा घरात कुणी हसत नव्हतं.

आम्ही सांगलीजवळ माधवनगरात राहतो. सासरचे जैन, गावाकडे उसाची शेती. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर मामंजींनी रान वाट्यानं दिलं आणि ते आमच्या फ्लॅटवर आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला सगळं कळतं असा आमच्या घरात समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. माझं माहेर वाईचं. घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकत मी वाढले. चाळिशी उलटल्यावर एका दुकानात खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पाहिले आणि ती जुनी हौस अशी उफाळून आली की नवऱ्याच्या डोक्याशी भुणभुण करून मी दिवाणखान्यात मोठी काचेची टाकी आणवली. समुद्र आमच्यापासून अख्खा घाट उतरून पलीकडे. मग गाळलेल्या पाण्यात पाकिटातलं मीठ विरघळवून मी बादल्यांमध्येच समुद्र करायला लागले.

"कृष्णामाईच्या काठाला बसून समुद्र ढवळतीस व्हय गं?" मामंजी खुर्चीतून म्हणायचे. "येडी का काय!"

पहिल्याच उन्हाळ्यात मी एक देखणा पिवळा मासा आणून सरळ त्या टाकीत सोडला. त्याच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके होते. मला ती नक्षी वाटली. तो आजार होता, आणि त्या आजारानं टाकीतले मासे एकामागून एक गेले. मासा गेला की मामंजी उपास धरायचे. "माझ्या घरात जीव गेला, मी घास कसा गिळू?" एवढंच म्हणायचे. त्यांचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे. दिवसा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. त्यात साखरेचा आजार, गोळ्या चालू. शेवटच्या उपासाला ते बाथरूमच्या दारात घेरी येऊन पडले. डॉक्टर मलाच रागावले. रिक्षातून घरी येताना मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मला स्वतःचा भयंकर राग येत होता. नवरा म्हणाला, "आता एक जरी मासा गेला, तर टाकी मोडीत." मी मान डोलावली.

पुढच्या खेपेला मात्र मी नवे मासे महिनाभर वेगळ्या लहान टाकीत ठेवायचं ठरवलं. काही आजार असला तर तिथेच कळतो. घरात जागा उरली होती ती फक्त मामंजींच्या खोलीत. "माशास्नी बी कोरंटीन?" त्यांनी नाक मुरडलं. पण टाकी आली त्या दिवसापासून त्यांची खुर्ची तिच्यासमोरून हलली नाही.

त्या टाकीत वाळू नाही, शोभा नाही. लपायला प्लंबरकडच्या पाइपचे दोन तुकडे, बस्स. मासे तीन. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश, त्यातला एक मोठा, एक अगदी छोटा. आणि बोटाएवढा निळा डॅमसेल. छोट्याला मामंजी 'धाकटं' म्हणायचे.

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून आले, तर मामंजी काठी टेकत दारातच उभे.

"पोरी, धाकट्याला फीट येतीया."

मी चप्पल न काढताच आत गेले. धाकटं तिरपं झालं होतं आणि तोंडापासून शेपटीपर्यंत थरथरत होतं. मग थांबलं. मग पुन्हा तेच. शेपटीची कड कुरतडलेली. आदल्या दिवसापासून त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. टेबलावर मामंजींची न्याहारीही तशीच झाकलेली होती.

"तुम्ही का नाही खाल्लंत?"

"ते जेवंना, मी कसा जेवू? मेल्यावर उपास धरून काय उपेग? आदी धरला तर वाचंल तरी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सकाळची गोळी त्यांनी घेतली होती. पोटात अन्न नाही, म्हणजे साखर घसरणार. आणि दिवस मावळल्यावर ते कधीच जेवत नाहीत, म्हणजे जे काय व्हायचं ते उजेड आहे तोवर. साखरपाणी पुढे केलं, हातानं बाजूला सारलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काहीही करून खायला घाला. काहीही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. नवरा पुण्याला गेलेला. मला रडावंसं वाटलं, पण रडत बसायला वेळ नव्हता.

टॉर्च घेऊन मी धाकट्याला बाजूनं न्याहाळलं. पांढरे ठिपके नाहीत. क्लाऊनफिशना एक वाईट आजार होतो, त्यात कातडी बुळबुळीत होऊन सोलून निघते. तेही नाही. कल्ल्यांची उघडझाप शांत होती. तरीही मी तांब्याच्या औषधाची बाटली काढली, काहीतरी करतोय असं तरी वाटावं म्हणून.

"ह्यानं काय हुतंय?" मामंजींनी विचारलं.

"अंगावरचे किडे मरतात."

"मग त्यांच्यात जीव न्हाई?"

"आवं मामंजी, त्यांचेही उपास धरायला बसलात तर या जन्मी जेवण नाही तुमच्या नशिबात!"

ते खुदकन हसले. मी नाही. पण बाटली खाली ठेवली. किडेच नसतील तर हे औषध अशक्त माशाला झेपणार नाही, उलट तेच त्याला मारेल.

मग मला माझा वर्ग आठवला. मी दारात उभी असले की सगळे शहाणे. कोण कुणाची वेणी ओढतं ते मी पाठ फिरवल्यावरच घडतं. मी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो टाकीसमोर टेकवून ठेवला, मामंजींना हाताला धरून बाहेर आणलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं मोबाइल आणून आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर डोकं जोडून बघत बसलो.

मोठा मासा जवळ आला की धाकटं तिरपं होऊन थरथरायचं. मोठा त्याला स्पर्शही न करता निघून जायचा. तो गेला की थरथर बंद, धाकटं ठणठणीत. मी पुन्हा मागे नेऊन बघितलं आणि कधीतरी वाचलेलं डोक्यात लख्ख झालं. क्लाऊनफिशमधला लहान मोठ्यापुढे असाच थरथरतो. तू मोठा, मी धाकटा, मला मारू नकोस, असं सांगण्याची ती त्यांची रीत.

"म्हंजी पाया पडतंय ते!" मामंजी चष्मा सारखा करत म्हणाले.

"हो, पायाच पडतंय."

"आन् आमी त्याला फीट म्हनलं."

मग शेपटी कुणी कुरतडली? तेही पुढे दिसलं. अन्न पडतं त्या कोपऱ्यात निळा पाइपात दबा धरून होता. धाकटं तिकडे वळलं की बाणासारखा सुटायचा, शेपटीला चावायचा, परत पाइपात.

"बांधाला पाय लागू देईना की ह्यो," मामंजी म्हणाले. बांधावरून भाऊबंदांशी त्यांनी स्वतः अर्धं आयुष्य भांडण्यात घालवलंय, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं.

आंब्यांची जाळीदार प्लॅस्टिकची टोपली मी खळखळून धुतली आणि सुतळीनं टाकीत अडकवली. निळ्याला पकडायला जाळं घेऊन घामाघूम झाले. पकडला, टोपलीत टाकला. ऊन आता फक्त समोरच्या इमारतीच्या गच्चीवर उरलं होतं. निळ्याची जुनी हद्द मोडावी म्हणून मी पाइपांच्या जागा बदलल्या आणि दाणे टाकले. त्या दाण्यांत काय काय असतं ते पाकिटावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं आहे. घरात कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

मोठ्यानं आधी खाल्लं. धाकटं पाइपातून डोकावलं. कोपऱ्याकडे बघितलं, थबकलं. मग हळूच पुढे येऊन एक दाणा तोंडात धरला आणि थुंकून टाकला. जरा थांबून त्यानं तोच दाणा पुन्हा धरला.

"गिळला!" मामंजी ओरडले. "गिळला गं पोरी!"

आता मात्र मी खरंच रडले. डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाले, भाकरी आणि मुगाची आमटी वाढून त्यांचं ताट टाकीसमोरच आणून ठेवलं. गच्चीवर ऊन अजून होतं. मामंजींनी घास मोडला, आमटीत बुडवला, तोंडाजवळ नेला आणि हात थांबला. त्यांचं लक्ष टोपलीकडे होतं. निळा जाळीवर धडका देत होता.

"त्याला वाढलंस का?"

"मामंजी, गुंड आहे तो! दोन दिवस दुसऱ्याचं तोडून खातोय. तुम्ही जेवा आधी."

"आसू दे. भांडखोर हाय म्हनून उपाशी ठिवायचा?"

मी टोपलीत चिमूटभर दाणे सोडले. निळ्यानं एका झेपेत पहिला दाणा पकडला, आणि मामंजींनी हातातला घास तोंडात घातला.