खानझोड्यांचं अकरावं प्रकरण

जेवण झालेलं आहे, पंखा तीनवर आहे आणि माझ्या छातीवर दिगंबर खानझोडे पडलेला आहे. म्हणजे त्याच्या पुस्तकाची प्रुफं. ‘अवकाश, काळ आणि वस्तू : एक तपासणी’, पानं दोनशे बारा. दिगू वजनमापे खात्यात निरीक्षक होता. बत्तीस वर्षं अकोल्यातल्या तागड्या तपासल्या आणि निवृत्त झाल्यावर विश्वच तपासायला घेतलं. गेल्या पौषात तो गेला. आता कुमुदवहिनी पुस्तक छापतायत, प्रस्तावना माझी आहे आणि उद्या सकाळी सगळं छापखान्यात जायचं आहे. प्रस्तावनेत मी लिहिलंय, ‘हा ग्रंथ मी एका बैठकीत वाचून काढला.’ चौथ्या पानावर काळाची व्याख्या सुरू होते. माझे डोळे तिथे मिटतात. दर वेळी तिथेच मिटतात.

“कोणत्या बैठकीत?” दिगू विचारतो.

तो पलंगाच्या कडेला बसलाय, पण पलंग आता बँकेतला बाक आहे आणि पुढे हयातीच्या दाखल्याची रांग आहे.

“तू या रांगेत काय करतोस?” मी म्हणतो. “तुझा नंबर लागणार आहे का?”

“सवय. विषय बदलू नको. वाचलं काय बे?”

“वाचलं की.”

“सातव्या प्रकरणात वस्तू म्हणजे काय म्हटलंय?”

चाळीस वर्षं विनोदी सदर चालवलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी सुचतंच. “वस्तू म्हणजे... जागा अडवते ती.”

“हे तर नगरपालिकाही म्हणते!” रांगेतले दोघं-तिघं वळून बघतात. “मी म्हटलंय, वस्तू म्हणजे अवकाशाला बसलेली गाठ. गाठ सुटली की मोकळं अवकाश.”

“मग तू सुटलास.”

“कसला सुटतो! गुडघा अजून दुखतो.”

काउंटरच्या पलीकडे भाजीबाजार भरलाय. एक बाई वांगी तोलतेय. दिगू सवयीने तागडीच्या दांडीला बोट लावून बघतो. दांडी हलत नाही, बाई घाबरत नाही. त्याला ते लागलेलं दिसतं.

“आणि काळ?” मी विचारतो. हे मला खरंच हवंय, माझंही वय झालंय. “तो नसतोच, म्हणायचास नं?”

“ते बरोबर निघालं. नाहीच आहे.” पण त्याचा चेहरा काही उजळत नाही. “उपयोग काय पण? वाट बघावीच लागते.”

“कशाची?”

तो चालू लागतो. बाजार संपतो तिथे त्याच्याच घरचं स्वयंपाकघर आहे. कुमुदवहिनी पाठमोऱ्या, कणीक मळतायत. दिगू त्यांच्या मागे जाऊन उभा राहतो.

“अकरावं प्रकरण काढून टाक,” तो म्हणतो.

“अख्खं?”

“अख्खं. पान एकशे त्रेचाळीसपासून. काय आहे त्यात, माहीत आहे?”

मी तोंड उघडतो. तो हात वर करतो. “राहू दे. शाळेतही तू असाच पास झालास लेका.”

“मग सांग ना बाबा! दहा वर्षं डोकं खाल्लंस. बसस्टँडवर, माझ्या पोरीच्या लग्नात, मोतीबिंदूच्या टेबलापर्यंत आलास माझ्यामागे! आता मेल्यावर तरी...”

“अंतर नसतं, असं सिद्ध केलंय त्यात.” त्याचा आवाज खाली येतो. “अंतर हा आपल्या मापाचा दोष. एक वस्तू गेली तरी दुसरीपासून लांब जात नाही. आकृती काढून दाखवलंय.”

“बरं, मग?”

“चूक आहे. मी इथे रोज उभा राहतो. पाऊण फूट. माप घेण्यात मी उभ्या जन्मात चुकलो नाही. एक पाऊल पुढे टाकलं तरी पाऊण फूट. दहा टाकली तरी पाऊण फूट.”

वहिनी तेलाच्या बोटांनी कणकेचा गोळा सारखा करतात. मागे वळत नाहीत.

“ती वाचेल,” दिगू म्हणतो. “आणि खरं मानेल. माझं सगळं खरंच मानत आली ती. मग बसेल बोलत भिंतींशी, हे इथेच आहेत म्हणून. बत्तीस वर्षांत मी खोटं प्रमाणपत्र दिलं नाही रे. काढ ते.”

“काढतो. शपथ.”

“आधी वाच. मग काढ.”

“अहो, चहा ठेवलाय!” ही आतून ओरडते आणि साडेचार वाजलेले असतात. प्रुफं पोटावर उपडी, उघडी पडलेली आहेत. उचलून बघतो. पान एकशे त्रेचाळीस. हातात लाल पेन आहे, टोपण निघालेलं.

उठून बसतो आणि वाचतो. नऊ पानं. एकेक वाक्य सव्वा पानाचं, क्रियापद सापडेपर्यंत कर्ता विसरतो. चिडत चिडत, मागे जात, पुन्हा वाचतो. शेवटी आकृती येते. दोन ठिपके, एकमेकांना चिकटलेले. मी आडवी रेघ मारायला पेन टेकवतो.

आकृतीच्या कडेला हळदीचं बोट उमटलंय. प्रुफं छापखान्यातून आधी वहिनींकडे गेली होती, हे दिगूला ठाऊक नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. बोटाच्या खाली पेन्सिलीने, किराणा मालाच्या यादीसारख्या सरळ अक्षरात लिहिलंय :

‘हे काही पटत नाही. तरी असू द्यावं. – कुमुद’