कुठं लिहिलंय?

आत्याबाईंचं गाणं नेहमी सगळ्यांच्या मागून संपायचं. पेटी थांबायची, मंडळी खाली बसायची आणि त्यांची शेवटची ओळ तेवढी चर्चभर फिरत राहायची. कुणी हसलं तर म्हणायच्या, "देवाला काय गाडी पकडायची हाय?"

लग्न होऊन मी नातेपुत्याहून सोलापुरात आले. माहेरी आमची दोनच ख्रिस्ती घरं. उपासना ओसरीवर व्हायची. इथल्या मोठ्या चर्चचे रिवाज मला कुठले ठाऊक? महिन्यातून एकदा पुढं जाऊन भाकरी-द्राक्षरस घ्यायचा, त्या प्रभुभोजनाच्या रविवारी पांढरी साडी. दारात पाळकसाहेबांना सलाम केल्याशिवाय निघायचं नाही. कुणाकडं मयत झालं की दुसऱ्या दिवशी आपल्या घरचा डबा तिथं पोचलाच पाहिजे. दवाखान्यातल्या आयाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आत्याबाई हे सगळं मला घरी येऊन सांगून जायच्या. नात्यानं त्या आमच्या कुणी नव्हत्या; सगळं चर्चच त्यांना आत्याबाई म्हणायचं. "चुकल्यावर लोकांनी सांगितलं की लागतं गं. म्हणून मी आदीच सांगते."

सहाव्या वर्षी नवऱ्यानं पुण्यात दुसरं घर केलं. मी लेकीला घेऊन इथंच राहिले. चर्चमध्ये कुणी अवाक्षर काढलं नाही. शेजारच्या बायका फक्त जरा सरकून बसू लागल्या. टाकलेल्या बाईनं प्रभुभोजनाला पुढं जायचं नाही, हे मला न सांगताच कळलं. त्या रविवारी मी मान खाली घालून बसून राहिले. आत्याबाई येऊन शेजारी टेकल्या.

"तुम्ही जा की," मी म्हटलं.

"तू उठलीस की मी बी उठते."

सगळ्या रांगा संपल्या. पाळकसाहेब भाकरीचं ताट धरून आमची वाट बघत उभे. आत्याबाई ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी मीच उठले.

बाहेर एका जुन्या बाईंनी टोकलंच, "आत्याबाई, आपल्यात असं चालत नाही."

"कुटं लिवलंय? दाखव की."

पुढच्या महिन्यात मी इतरांबरोबरच पुढं गेले.

गेल्या वर्षी आत्याबाई वारल्या. अंत्यविधीला पहिला बाक घरच्यांचा असतो. त्यावर होटगीहून आलेला त्यांचा भाचा एकटाच बसला होता. मी लेकीसह मागं भिंतीशी उभी होते. आम्हाला शोधत तो थेट मागं आला.

"ताई, पुढं चला. आत्यानं बजावलंय, त्या दोघींना घरच्यांत बसव म्हणून."

भरल्या चर्चमधून आम्ही दोघी त्याच्यामागं गेलो आणि पहिल्या बाकावर बसलो. मग मला मोकळं रडता आलं.