उपग्रहाला टोमणा कळत नाही

चहा आधी घ्या. कारण पुढचं ऐकल्यावर या माणसाच्या घरचा चहा घ्यावा की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडणार आहे. तशा मी आयुष्यात फार चुका केल्या नाहीत. सरकारी कारकुनाला चुका करायला आधी काहीतरी करावं लागतं! पण निवृत्तीनंतर एक केली, आणि ती थेट अंतराळातून केली.

आमच्या कर्वेनगरच्या घरी वरच्या खोलीत प्राची नावाची मुलगी पेइंग गेस्ट होती. मूळची यवतमाळची, इथे इंजिनिअरिंगला आलेली. मुलगी गुणी. पण तिला टोमणा कळायचा नाही. आल्या आल्या एकदा जिन्यावरून धाडधाड उतरली. मी म्हटलं, "एवढ्या हळू का उतरलात आपण? जिना अजून उभा आहे!"

"हो का जी? उद्यापासून जोरात उतरते," ती म्हणाली.

आणि उतरली हो! शेजारचे विचारायला आले, काय पडलं म्हणून.

"अहो, तिकडची माणसं सरळ असतात. बोललं तेच ऐकतात," ही म्हणाली.

आता बोललं तेच ऐकायचं असेल, तर माणसानं पुण्यात यावं कशाला?

असो. प्राची आणि तिच्या कॉलेजातली मुलं मिळून उन्हावर चालणारी गाडी बनवत होती. जेवणाच्या टेबलाला चाकं लावावीत तशी ती दिसायची. वर सगळ्या काळ्या सौरपट्ट्या आणि मधून बाहेर आलेलं एक डोकं. सगळ्यांत हलकी म्हणून ते डोकं प्राचीचं. देशभरातल्या कॉलेजांची अशा गाड्यांची शर्यत राजस्थानात व्हायची. आमची गाडी दर वर्षी जायची आणि दर वर्षी अर्ध्यातून ट्रकवर चढून परत यायची. यंदा प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पुन्हा ट्रकवर आलात, तर तुमची शेड कँटीनला देणार." कॉलेजला बऱ्या कँटीनची फार गरज होती, त्यामुळे ट्रकच्या बाजूनेही बरेच लोक होते.

प्राचीने मात्र त्या शेडमध्ये दोन वर्षांच्या सुट्ट्या घालवल्या होत्या. दिवाळीलाही घरी गेली नव्हती. निघताना हिच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, नंबर नको जी. एकदा आपल्या चाकांवर शेवटची रेघ पार होऊ दे फक्त."

आता यात मी कुठे आलो?

तिकडे वाळवंटातल्या रस्त्यावर मोबाइल चालत नाही. म्हणून गाडीच्या मागून धावणाऱ्या व्हॅनच्या टपावर पोळपाटाएवढी चपटी तबकडी बसवली होती. ती थेट उपग्रहाशी बोलायची. गाडीचा वेग, बॅटरीत उरलेला जीव, सगळं वर जाऊन खाली कर्वेनगरच्या शेडमधल्या पडद्यावर उमटायचं. इथली मुलं हिशेब करायची, ढगांची चित्रं बघायची आणि पुढे काय करायचं ते त्याच वाटेने प्राचीच्या कानात सांगायची. संघाचा नियम असा की, पुण्याचा शब्द शेवटचा.

मला सांगा, याहून गोड वाक्य कुठल्या पुणेकराने ऐकलं असेल?

नेमका शर्यतीच्या दिवशी, शेडमधून बोलणाऱ्या मुलाचा घसा बसला. हिशेब सांभाळणारी सई स्कूटरवरून आमच्या दारात हजर.

"काका, उपग्रहावरून आवाज चेपला जातो. आमचं कुणाचं तिकडे काही कळत नाही. तुमचे ळ आणि ण स्वच्छ आहेत. मी सांगेन तेवढंच माईकवर बोला. अवांतर एक शब्द नको."

"अवांतर मी कधी बोलतो?"

सई नारायण पेठेतली. तिने नुसतं बघितलं.

सकाळ झकास गेली. "वेग थोडा कमी." "पुढे चढ आहे." "ढग नाहीत." मी बोलायचो, माझा शब्द आकाशात जाऊन राजस्थानात उतरायचा, आणि श्वासभर थांबून "बरं काका" परत यायचं. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण माझ्या बोलण्यावर कुणी हललंय असं पहिल्यांदाच घडत होतं. अहो, खरीखुरी आकाशवाणी! माणसाच्या डोक्यात जाणार नाही तर काय होईल?

दुपारी प्राचीचा आवाज आला, "काका, लई ऊन आहे जी. पाणी पिऊ का?"

आता हा काय विचारायचा प्रश्न झाला? मी म्हटलं, "छे छे! आज आपण निर्जळी एकादशी करा. पुण्य लागेल."

शेडमधली मुलं खो खो हसली. तिकडून आलं, "बरं काका."

मला वाटलं, पोरगी तयार झाली! पुण्याचं पाणी लागलं म्हणायचं.

थोड्या वेळाने पुन्हा, "काका, मागून एक गाडी येऊन राहिली. पुढे जाऊ देऊ का?"

"जाऊ द्या की! नुसती कशाला, ओटी भरून, हळदीकुंकू लावून पाठवा!"

पुन्हा हशा. सईसुद्धा हसली. पडद्यावर आमच्या गाडीचा ठिपका जरा मंद झाला, पण हसण्याच्या भरात ते पाहिलं कुणी?

मग दिवस कलायला लागला. रेघ बंद व्हायला, म्हणजे शर्यतीची वेळ संपायला, थोडाच अवकाश होता, आणि बॅटरीत चांगला जीव शिल्लक होता. सई मला सांगणारच होती की आता पूर्ण वेग, तेवढ्यात प्राचीने विचारलं, "काका, आता जोर लावू का?"

आणि माझी जीभ सईच्या आधी हलली. काय करणार, इतक्या वर्षांची सवय!

"कशाला घाई करता? छानसं झाड बघा, सावलीत गाडी लावा, घटकाभर पडा. ट्रॉफी काय, पोस्टानेही येते!"

शेडमध्ये टाळ्या पडल्या हो! एकाने तर माझ्या पाठीवर थाप मारली.

"बरं काका."

आणि पडद्यावरचा ठिपका थांबला.

"बॅटरी गेली का?" कुणीतरी विचारलं.

"भरलेली आहे," सई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काका… ती झाडाखाली गेली असेल."

"भलतंच! मी चेष्टेने बोललो."

"इथे चेष्टेने बोललात. तिकडे आवाज चेपून जातो. शब्द पोचतात, सूर पोचत नाही."

मी माईक उचलला. "प्राची! अगं प्राची!" चिडीचूप. पडदाही कोरा झाला होता. कारण प्राची सावलीत गेली, म्हणून तिच्या मागे व्हॅनही सावलीत गेली. व्हॅन चालवणारा निखिल हा संघाचा कप्तान. तो चंद्रपूरचा. त्यालाही वाटलं असणार, पुण्यात काहीतरी थोर हिशेब चाललाय. आणि त्या तबकडीला बिचारीला वर आकाश दिसलं तर ती बोलणार! वर होता तो कडुनिंब. उन्हावर चालणारी गाडी आणि आकाशाशी बोलणारी व्हॅन, दोन्ही मी एका वाक्यात झाडाखाली घातली.

शेडमध्ये कुणी हसत नव्हतं. माझ्या पाठीवर थाप मारणारा मुलगा आता लांब जाऊन उभा राहिला होता. कोपऱ्यात कँटीनवाला मोजमापाची टेप घेऊन सकाळपासून घुटमळत होता. तो तेवढा प्रसन्न दिसत होता.

सई काहीतरी टाइप करत होती. मी एकसारखा माईकमध्ये हाका मारत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. अचानक पडदा उजळला. निखिलने व्हॅन उन्हात काढली असावी.

"काका," प्राचीचा टवटवीत आवाज आला, "झाला जी आराम. आता निघू?"

मी आयुष्यात इतकं सरळ कधी बोललो नव्हतो. "निघ बाळा! लगेच निघ! असेल नसेल तेवढा जोर लाव!"

मग, "बरं काका. बसते अजून."

आं?

"प्राची, अगं निघ म्हणतोय मी! मनापासून सांगतोय!"

"समजलं जी. आता पाणीही पिऊन घेते."

मी सईकडे बघितलं. सईने कपाळ धरलं होतं. "काका, लाइन आली की पहिला पोचेल असा मेसेज मी टाकून ठेवला होता."

"काय मेसेज?"

"काकांच्या बोलण्याचा उलटा अर्थ घ्या."

आता काय म्हणाल? जन्मभर तिरकं बोललो, ते सरळ धरलं गेलं. जन्मात एकदा सरळ बोललो, ते तिरकं ठरलं. सई माईक ओढायला धावली. पण माईक माझ्या हातात होता, आणि हातात आलेलं सोडायची सवय सरकारी नोकरीत लागत नाही. मी सगळी विद्या पणाला लावून ओरडलो, "अजिबात निघू नका आपण! तिथेच बिऱ्हाड करा! दारात तुळस लावा, पाटी ठोका! पोचून करायचंय काय?"

"निघाली मी काका!"

ठिपका हलला. मग पळायला लागला. बाहेर ऊन तिरपं होत होतं, तिकडेही होत असणार. सई आकडे सांगत होती आणि मी तिचा प्रत्येक आकडा उलटा करून ओरडत होतो. "वेग वाढव" म्हणाली की मी, "हळू चला, बैलगाडीला वाट द्या!" "थांबू नको" म्हणाली की मी, "थांबा, रसवंतीगृह दिसतंय का बघा!" शेवटी शेवटी सईही गोंधळली आणि मीही. बरोबर समजत होती ती एकटी प्राची.

रेघ बंद व्हायच्या जरा आधी ठिपका रेघेपलीकडे गेला. नंबर विचारू नका. मागून मोजलेला बरा. पण आपल्या चाकांवर गेला! शेडमध्ये जो आरडाओरडा झाला, त्यात कँटीनवाला टेप गुंडाळून निघून गेला.

मंडळी पुण्यात परत आली तेव्हा प्राची उन्हाने रापून काळवंडली होती. हिने तिला पुरणपोळी वाढली. समोर बसलेली ती दमलेली पोर बघून मला खरंच भरून आलं. उपग्रह नाही, माईक नाही, समोरासमोर होतो. म्हटलं, एकदा तरी मोकळेपणाने बोलावं.

"प्राची," मी म्हणालो, "तुझ्यासारखी गाडी चालवणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही."

तिचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले. "चुकलंच जी काका," ती म्हणाली, आणि ताट सरकवून वर निघून गेली.

हिने तुपाची वाटी खाली आपटली. "काय हो, एवढ्या लांबून दमून आलेल्या मुलीला असं बोलतात?"

"अगं, मी कौतुक केलं तिचं!"

"ते कळतंय मला," ही म्हणाली. "पस्तीस वर्षं माझं तेच तर करताय."