मामाची दुर्बीण आणि पळालेलं गाव

माझ्या मामाचा आवाज एवढा मोठा होता, की तोंडवलीच्या वाळूत उभा राहून तो खाकरला तर मालवणच्या बंदरात नांगरलेल्या होड्या वळून बघायच्या. सगळा जन्म गलबतावर तांडेल म्हणून, कप्तानकी करत, काढलेला माणूस, वाऱ्याच्या वर बोलायची सवय. घरात जेवताना त्याने मीठ मागितलं, की शेजारच्या घरांतूनही मीठ यायचं.

अशा माणसाचे डोळे मात्र आवाज न करता, चोरपावलांनी जायला निघाले. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी तेव्हा मुंबईला नोकरीत होतो. मामाला तिथल्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू, ते म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही फार टिकणार नाही. कडेकडेचं सगळं विझलंच होतं. मधोमध एक गोल भोक तेवढं उरलं होतं आणि त्यातून मामा जग बघत होता.

"देवान माका दुर्बीण दिली रे झिला," जिना उतरताना तो म्हणाला, आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांनी दारं उघडून पाहिलं. "ती पण फुकट. आता ती बंद होवच्या आधी बघूची तेवढी माणसां बघून घेवया. डोळ्यांत साठवून ठेवलंय, की मगे कित्याक व्हयो उजेड?"

म्हणून त्या मार्गशीर्षात मी रजा काढून गावी आलो आणि आम्ही दोघं माणसं बघायला निघालो. पुढे मामा, त्याच्या खांद्याला अडकवलेली पिशवी, आणि मागे मी. खरं तर मी पुढे असायला हवा होतो. पण तांडेलाच्या पुढे कोण चालणार? वाट विचारायचीही सोय नव्हती. "तांडेल वाट विचारता काय? तांडेल वाट सांगता!" त्यामुळे एका घरी आम्ही पोटभर जेवलो, पान खाल्लं, पोराटोरांच्या डोक्यावर हात ठेवले आणि पुढच्या अंगणात, खळ्यात उतरल्यावर कळलं, की ते घर आमच्या नात्यातलं नव्हतंच. त्यांनाही ते उशिराच कळलं असावं, कारण सोलकढी त्यांनी दुसऱ्यांदाही आग्रहाने वाढली होती.

सगळ्यात आधी गेलो कसालला, मामाच्या आत्येबहिणीकडे. ही बाई तरुणपणी इतकी देखणी होती, की तिच्या लग्नात मांडवातली गॅसबत्ती लाजून आपोआप बारीक झाली. हे मला मामानेच सांगितलं होतं, आणि मामा खोटं बोलायचा तो फक्त समुद्राबद्दल. बाजारपेठेच्या मागे तिचं घर. ती कमरेत वाकून ओटीवर आली. तोंडाचं बोळकं झालेलं, केस कापसासारखे. मामाने आपली दुर्बीण तिच्या चेहऱ्यावर धरली आणि तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

"काय रे असो बघतस?" ती हसली. "म्हातारी दिसतंय मां?"

"नाय गो बाये. तशीच आसस."

"शिरा पडली तुझ्या डोळ्यांर," तिने मायेने शिवी हासडली आणि पदराने आपले डोळे पुसले.

रात्र तिथेच काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या मुलाने आम्हांला समुद्राच्या बाजूला सोडायला बैलगाडी दिली. ती गाडी काय सांगू! बैल चालता चालता झोपत होते आणि झोपेत जास्त नीट चालत होते. कापणी झालेल्या शेतांवर धुकं बसलं होतं. भाताच्या पेंढ्यांच्या उडव्यांचे शेंडे तेवढे वर, बेटांसारखे. रस्ता दिसत नव्हता, चाकं ऐकू येत नव्हती, आणि आपण गाडीत नसून भरतीच्या पाण्यावर आहोत असं मला वाटू लागलं. मामा एवढा वेळ गप्प बसलेला मी जन्मात पाहिला नव्हता. बऱ्याच वेळाने तो बोलला, आणि तेही हळू. बैल दचकून जागे झाले, कारण हळू आवाजाची त्यांना अपेक्षाच नव्हती.

"झिला, चूक झाली."

"कसली?"

"माझ्या डोळ्यांत तिच्या ल्हानपणाचा एक चेडू होता. परकर खोचून चिंचेर चढणारा. काल त्या म्हातारेक बघलंय, आणि ता चेडू गेला. कालपासना शोधतंय. गावना नाय." मग म्हणाला, "शेवटी जा बघतलंय, ताच ऱ्हवतला रे."

आम्हांला आणखी एकालाच भेटायचं होतं, आणि सगळी यात्रा खरी त्याच्यासाठीच होती. मामाच्या गलबतावर सुकाणू धरायचा तो माणूस. खाडीपलीकडच्या गावातल्या मुसलमान वाडीतला. मामा त्याला सुकाण्या म्हणायचा आणि तो मामाला तांडेल. दोघांनी मिळून इतकी वादळं पाहिली होती, की मामाच्या हिशेबाने अरबी समुद्रात त्यांच्या वाट्याची वादळं संपून गेली, म्हणून ते घरी बसले. रात्रीच्या पाळीला दोघे पाठीला पाठ लावून बसत. एकाने पुढे नाळेकडे बघायचं, एकाने मागे. झोप आली की दुसऱ्याच्या पाठीला ती कळायची. या माणसाला बघायचं, म्हणून मामा घरातून निघाला होता. पण शेवटचं दिसेल तेच डोळ्यांत उरणार असेल, तर आता, कसालच्या नंतर, त्याला बघायचं की नाही, हेच मामाला ठरवता येत नव्हतं.

तोंडवलीहून तरीने खाडी ओलांडावी, असं मी सुचवलं. "आयुष्यभर गलबत हाकलंय आणि आता दुसऱ्याच्या तरीत बसू?" झालं. ओहोटी बघून आम्ही वरच्या अंगाने, गुडघाभर पाण्यातून खाडी उतरलो. मागच्या काठावरून कोणीतरी ओरडत होतं, हात हलवत होतं. मामाला तो निरोप वाटला. त्याने उलट दोन्ही हात हलवले, पिशवीसकट.

पलीकडे गाव होतं, तसंच्या तसं. माड, पोफळी, कुंपणाचे दगडी गडगे, सारवलेली खळी. ऊन कलतं होतं आणि प्रत्येक घराच्या कौलांवर पिवळं होऊन बसलं होतं. पण आवाज नव्हता. रहाट कुरकुरत नव्हता, कोंबडी नव्हती, कुत्रं नव्हतं, गोठ्यात गुरं नव्हती. दारांना बाहेरून कड्या. एका तुळशीपुढे रांगोळीची टिंबं तशीच होती, त्यांच्यावर एकही पाऊल पडलं नव्हतं. एक सुकं झावळ माडावरून सुटलं आणि जमिनीला लागेपर्यंत त्याचा सगळा प्रवास आम्हांला ऐकू आला.

मामा वाटेच्या मधोमध थांबला.

"झिला, काय तरी बोल."

"काय बोलू?"

"हां, ऐकूक येता. माका वाटला, डोळ्यांच्या पाठोपाठ कान पण गेले."

आणखी चार घरं चाललो. मला त्या शांततेत असं वाटत होतं, की हे गाव कोणीतरी आठवून आठवून उभं केलंय आणि माणसं आठवायची राहून गेलीत. मग देवळाच्या बंद दाराशी आलो आणि माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला.

"मामा! गावपळण!"

आमच्या बाजूच्या काही गावांत देवाने कौल दिला, की सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतं. हिंदू, मुसलमान, सगळे. तेवढे दिवस गाव देवाचं, आणि देवाबरोबर जे कोण फिरत असेल त्याचं. माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. खाडीकाठचा तो माणूस हेच ओरडून सांगत होता.

"आवशीचो घोव!" मामा म्हणाला, आणि रिकाम्या गावाने ते तीनदा परत म्हटलं.

त्यानंतर आम्ही जे पळालो! माझ्या चपला माझ्या मागून पळत येत होत्या. मामाने माझा खांदा धरला होता. त्याला दिसत नव्हतं ते बरंच होतं, कारण मला जे जे दिसत होतं ते सगळं हलत होतं. गडगे हलत होते, सावल्या हलत होत्या, एका ओटीवरचा पाटही मला उठून उभा राहिल्यासारखा वाटला. शेतं ओलांडून, घाटी चढून आम्ही सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, निघालो, तेव्हा सूर्य समुद्राला टेकला होता.

सड्यावर सगळं गाव उतरलं होतं. झावळांच्या खोपी, चुली, बांधलेली गुरं, रडणारी पोरं. आणि तिन्हीसांजेला, जिथून कोणी यायचं नाही त्या बाजूने, केस विस्कटलेले दोन पुरुष धापा टाकत येताना त्यांनी बघितले. एक बाई किंचाळली. मग सगळ्याच. एका गड्याने आमच्यावर कोयती उगारली.

"अरे, माणसां आमी!" मामा गरजला. आता या आवाजाने माणूस असल्याची खात्री कोणाला पटणार? उलट दोन बैल दावं तोडून पळाले.

तेवढ्यात मागच्या खोपीतून कोणीतरी ओरडलं, "कोयती खाली घाल रे! भूत न्हय तो, माझो तांडेल! असो आवाज मेल्यार पण दुसऱ्याक येवचो नाय."

मामा जागच्या जागी थांबला. "सुकाण्या?"

"मगे कोण? मेल्या, पळणीच्या दिसांत गावात शिरलंस? वाट विचारूक जीभ झडली होती?"

पण काळोख पडला होता, आणि काळोख पडला की मामाच्या दुर्बिणीला झाकण बसायचं. त्याने नुसते हात पुढे केले. दोघे एकमेकांच्या खांद्यांवर थापा मारत राहिले. त्या थापांनी निदान अंगावरची धूळ तरी झडली.

गावच्या मानकऱ्याने आम्हांला सरळ सोडलं नाही. शीव मोडली म्हणून गाऱ्हाणं घालायलाच हवं. त्याने नारळ हातात घेतला. "बा देवा महाराजा! ह्या पावण्यांनी नकळत तुझ्या गावात पाय घातल्यानी, त्येंका क्षमा कर रे महाराजा!" सगळा सडा म्हणाला, "व्हय महाराजा!" मामाच्या डोळ्यांचं मी सुकाण्याला तेवढ्यात सांगितलं होतं; त्याने मानकऱ्याला हळूच कोपर मारलं. "डोळ्यांचा गाऱ्हाणा पण घाल." मानकऱ्याने मामाला विचारलं, काय मागायचं? मामाने दोन्ही हात जोडले. मग म्हणाला, "देव आधीच माझ्यावर रागावलो आसतलो. उद्याची सकाळ मागा, पुरे."

"व्हय महाराजा!" सड्याने म्हटलं.

मग जेवणं झाली. सुकाण्या आणि मामा कातळावर पाठीला पाठ लावून बसले. सुकाण्या बोलत होता आणि त्याच्या आवाजात कुठे सुरकुती नव्हती. सुरतेच्या बाजूच्या वाळूत रुतलेलं गलबत त्याने शिव्या घालून घालून कसं बाहेर काढलं ते त्याने सांगितलं. मामाने त्याला दुरुस्त केलं, की शिव्या आपल्या होत्या. खाली काळोखात ते रिकामं गाव होतं, तिथे एकही दिवा नव्हता. मला पेंग येत होती. सडा हलकेच डोलतो आहे, खोपींवर शिडं चढली आहेत आणि आम्ही सगळे, गुरंढोरं, चुली, बायापोरं, कुठेतरी निघालो आहोत, असं काहीसं दिसत होतं. चुलीच्या उजेडात मी मात्र सुकाण्याचा चेहरा बघितला. दात गेलेले, गाल आत ओढलेले, एका बाजूचं तोंड जरा वाकडं. मी मामाला काही सांगितलं नाही.

सकाळी मामा उजाडायच्या आधीच उठून समुद्राकडे तोंड करून बसला. सूर्य पाठीमागे डोंगरावर येत होता. सुकाण्या चहा घेऊन आला. मामाने हात मागे करून वाटी घेतली.

"काय रे तांडेला? काल इलंस, अजून माझ्याकडे तोंड केलंस नाय. रुसलंस?"

"माझी पाळी नाळेकडची. मागे बघूचा तां तुझा काम."

सुकाण्याने माझ्याकडे बघितलं, मामाच्या पाठीकडे बघितलं. मग खाली बसला आणि त्याने पाठ टेकली. दोघांनी चहा घोट घोट करून संपवला.

"निघालंस?"

"जातंय."

"येतंय म्हण, मेल्या."

"येतंय."

सुकाण्या उठून उभा राहिला. तेवढ्यात सूर्य डोंगरावरून सुटला, आणि मामाच्या समोर, कातळावर, सुकाण्याची सावली पडली. लांबच लांब, सरळ, ताठ. तिला दात नव्हते की सुरकुत्या नव्हत्या. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, एक हात कमरेवर. मामाने मान हलवली आणि आपली दुर्बीण त्या सावलीच्या पायांपासून हळूहळू वर नेली. गुडघे, कंबर, खांदे, आणि पार पलीकडे, कातळाच्या कडेवर, डोकं. तिथे तो कितीतरी वेळ थांबला.

"तसोच आसा रे झिला," तो म्हणाला. "लुंगी पण तशीच बांधता."

सावलीने हात वर केला. मामाने मागे न वळता तिच्याकडे बघून आपला हात वर केला, आणि मग एवढ्या जोरात ओरडला, की खाली रिकाम्या गावातल्या देवानेही नक्की कूस बदलली असेल.

"सुकाणू सरळ धर रे!"

"धरलंय!" मागून उत्तर आलं.